दर्या, दऱ्या आणि बारा पिक्सेल

सकाळची डहाणू लोकल बोईसरला पकडली, की चर्चगेटपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ हाताशी असतो. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर आणि तिथून डहाणू रोडपर्यंत आणखी ६४. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल विरारच्या पुढे यायला लागल्या, तेव्हापासून आमच्याकडच्या किती जणांचा दिवस या रुळांवरच उगवतो आणि मावळतो. छापील पुस्तकाला दोन हात लागतात आणि गाडीत एक हात कडीला असतो. म्हणून वाचन फोनवर.

मागच्या पावसाळ्यात एकदा केळवे रोड यायच्या आत एक कादंबरी संपली. लगेच दुसरं पुस्तक उघडलं. फोन तोच, ॲप तेच, डोळेही तेच. पण अक्षर मुंगीएवढं. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर वाढवलं. प्रकरणाचं शीर्षक फुगून अर्धा पडदा खाऊन बसलं, मजकूर मात्र होता तेवढाच. सफाळे गेलं, वैतरणा खाडीवरचे पूल खडखडत गेले, तरी माझी झटापट चालूच. कंटाळून तिसरं पुस्तक उघडलं. त्यात अक्षर मोठं होतं, पण ओळी एकमेकींच्या अंगावर. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांमध्ये रुतलेले.

संध्याकाळी हे गाऱ्हाणं शेजाऱ्यांना ऐकवलं. ते तारापूर एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. म्हणाले, “आमच्याकडे लॉट बदलला की शेड बदलते. म्हणून आम्ही नमुन्याची पट्टी जवळ ठेवतो, प्रत्येक लॉट तिच्याशी लावून बघतो. तुमच्या पुस्तकांची नमुन्याची पट्टी कुठाय?”

नव्हती. मग मी केली. साध्या मजकुराची चार ओळींची फाइल. शब्द सगळे आसपासचे: पालघर, शिरगाव, सूर्या, तिच्या बरोबर खाली वैतरणा, आणि शेवटच्या ओळीत सातपाटीचा दर्या नि जव्हारच्या दऱ्या. हे शब्द का निवडले, ते ओघाने येईलच. आधी त्या मुंगीएवढ्या अक्षराचं प्रकरण मिटवू.

ई-पुस्तक म्हणजे छापलेल्या पानांचा गठ्ठा, असं आपण मनाशी धरून चालतो. पीडीएफच्या बाबतीत ते खरंही आहे. तिथे अक्षर न् अक्षर कागदावर कुठे बसणार, हे आधीच ठरलेलं असतं. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी शेकडो मराठी पुस्तकं पीडीएफ करून फुकट घरोघरी पोचवली, त्याबद्दल त्यांचे उपकारच. पण मोठ्या पानाची पीडीएफ फोनवर वाचायची, म्हणजे किल्लीच्या भोकातून घर बघायचं. ईपब हा प्रकार वेगळा. २००७ मध्ये तो प्रमाण म्हणून ठरला. ईपब फाइलच्या नावाचं शेपूट बदलून तिथे ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत एक छोटी वेबसाइटच निघते. प्रकरणागणिक एकेक वेबपान, चित्रं, कधी एखादा फॉन्ट, आणि एक वेगळी फाइल, जिच्यात कपड्यांची यादी असते: शीर्षक केवढं, परिच्छेद कुठून सुरू, समास किती. या यादीच्या भाषेला सीएसएस म्हणतात.

त्या रात्री मी मुंगीवाल्या पुस्तकाचं बोचकं सोडलं. यादीत मजकुरासाठी लिहिलं होतं: अक्षर बारा पिक्सेल. पिक्सेल हे ठोक माप. ॲपने कितीही म्हटलं की वाचकाला दीडपट हवंय, तरी काही ॲपं प्रकाशकाचं ठोक माप ओलांडायला धजत नाहीत. तिथे ‘एम’ हे माप वापरलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. ‘एक एम’ म्हणजे चालू अक्षर जेवढं, तेवढं. शीर्षकाला ‘दीड एम’ म्हटलं, तर वाचकाने अक्षर वाढवलं की शीर्षकही त्याच प्रमाणात वाढणार. या पुस्तकात शीर्षक एममध्ये होतं आणि मजकूर पिक्सेलमध्ये. म्हणून एक फुगलं नि दुसरं ढिम्म.

पण मग ऐकायचं कोणाचं? प्रकाशकाचं, ॲपचं, की वाचकाचं? हा वाद ई-पुस्तकांपेक्षा जुना आहे आणि त्याचा चक्क निवाडा झालेला आहे. सीएसएसची कल्पना नॉर्वेच्या हाकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. तिच्यात लेखक, म्हणजे पान रचणारा, आणि वाचक दोघांनाही आपल्या नियमापुढे ‘महत्त्वाचं’ असा शिक्का मारायची सोय होती. दोघांनीही शिक्का मारला, तर जिंकायचा लेखक. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे नेमकं उलटं केलं: दोघांचे शिक्के समोरासमोर आले, तर वाचकाचा शिक्का वरचढ. कारण सरळ होतं. ज्याला नीट दिसत नाही, त्याला मोठं अक्षर मागायचा हक्क हवा. मला हा निवाडा फार आवडतो. छापखान्याच्या इतिहासात वाचकाला असा नकाराधिकार आधी कोणी दिला होता?

निवाडा कागदावर असला, तरी अंमलबजावणी ॲपच्या हाती असते. एखादं ॲप वाचकाचा नियम शिक्क्यासकट लावतं, एखादं बिनशिक्क्याचा लावून गप्प बसतं. किंडल, ॲपलचं बुक्स आणि इतरांच्या मेनूत ‘प्रकाशकाचा फॉन्ट’ किंवा ‘मूळ’ अशी एक निवड दिसते, तिचा अर्थ एवढाच की हे पुस्तक त्याच्या मालकाच्या मर्जीने दाखवा. ती काढून आपला फॉन्ट निवडला, तरी समास आणि ओळींमधलं अंतर कधी आपलं लागतं, कधी प्रकाशकाचंच राहतं. अंधारात वाचताना काळा पडदा करावा आणि अक्षरं गायब व्हावीत, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. यादीत कुणीतरी ‘अक्षर काळं’ असं मुद्दाम लिहून ठेवलेलं असतं. काळ्यावर काळं.

मराठी पुस्तकांचं दुखणं मात्र यादीच्याही आधी सुरू होतं, डीटीपीच्या टेबलावर. छापील पुस्तक करताना पान डोळ्यांना बरं दिसलं की काम झालं. परिच्छेद आत घ्यायचा? चार स्पेस. प्रकरण नव्या पानावर हवं? पान उलटेपर्यंत एंटर. शीर्षक मधोमध हवं? टॅब, टॅब, टॅब. कागदावर यातलं काही कळत नाही. तीच फाइल ई-पुस्तकात गेली की ते एंटर आणि ते स्पेस सगळे जिवंत होऊन येतात. फोनवर प्रकरण संपतं आणि पुढे दोन पडदे कोरे. वाचकाला वाटतं, पुस्तक अर्धवट आलं. शीर्षक म्हणून जे दिसतं, ते आत नुसतं ठळक केलेलं वाक्य असतं. ‘हे शीर्षक आहे’ असं फाइलमध्ये कुठे लिहिलेलंच नसतं. मग ॲपने सगळ्या पुस्तकांची शीर्षकं एकसारखी दाखवायची कशी? त्याला शीर्षक आहे हेच माहीत नाही. कपडे सारखे शिवायचे, तर आधी माणूस कुठला आणि खांब कुठला, हे कळायला हवं.

आता पट्टीतला तिसरा शब्द, सूर्या. धामणीच्या धरणातून येणारी आमची नदी. हा शब्द अक्षरांच्या दृष्टीने तीन मजली आहे: मधल्या मजल्यावर स आणि य, तळघरात दीर्घ ऊकार, माळ्यावर रफार. त्याच्या खाली वैतरणा लिहिलं की ‘सू’चा ऊकार बरोबर ‘वै’च्या दोन मात्रांवर उतरतो. रोमन लिपीचा बहुतेक मजकूर मधल्या मजल्यावरच राहतो, एखाददुसरं शेपूट खाली-वर. त्यामुळे अक्षराच्या १.२ पट अंतर ठेवलं तरी तिची ओळ सुखात असते. ॲपं बनली रोमन लिपीच्या मुलखात, म्हणून त्यांचं मुळातलं अंतर त्याच्याच आसपास. देवनागरीला ते पुरत नाही. माझ्या डोळ्यांना दीडपटीच्या खाली त्रास होतो, १.६ ला सूर्या आणि वैतरणा एकमेकींना न शिवता वाहतात.

मुंबईच्या जुन्या छापखान्यांना हे चांगलं ठाऊक होतं. खिळे जुळवण्याच्या मुंबई पद्धतीत एक ओळ खरं तर तीन पट्ट्यांची असे. मधल्या पट्टीत अक्षरं, वरच्या पट्टीत मात्रा-रफारांचे वेगळे खिळे, खालच्या पट्टीत उकारांचे. जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई, पण उकार वेलांटीवर चढणं शक्यच नव्हतं. त्याच्यासाठी शिशाची स्वतंत्र जागा राखलेली असायची. आणि एकसारखेपणाचं म्हणाल, तर तो त्या काळी आपोआप येत होता. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे खिळे इतके सुबक होते की इतर छापखानेही तेच विकत घेत. पोथी असो, कोश असो की नाटक, वाचकाच्या डोळ्यांना ओळखीचंच अक्षर भेटायचं. कुठल्या सेटिंगमध्ये जावं लागत नव्हतं.

पडद्यावर अक्षर येतं फॉन्टमधून, आणि वाचकाने निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी असेलच असं नाही. नसली की ॲप गुपचूप फोनकडचा दुसरा फॉन्ट उचलतं: ॲपलवर बहुधा कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. विंडोजच्या संगणकावर वर्षानुवर्षं ही जागा मंगलने सांभाळली, जो र. कृ. जोशी यांनी घडवला होता. हे सगळे फॉन्ट चांगलेच आहेत. पण सोळा मापाचं एकाचं अक्षर आणि सोळा मापाचं दुसऱ्याचं अक्षर डोळ्यांना सारखं दिसत नाही. शिवाय एका पुस्तकात प्रकाशकाने स्वतःचा फॉन्ट भरलेला, दुसऱ्यात नाही. मेनूत आकडा तोच, पानावर मात्र दोन वेगळी मापं.

त्यातून पालघरचा ल. मराठीचा ल पाकळीयुक्त, हिंदीचा दंडाला टेकलेला. तसाच शिरगावचा श, आपल्याकडे देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात मराठीसाठी प्रमाण वर्णमाला ठरवली, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा बजावून सांगितली. ल आणि श यांची मराठी वळणं त्यात आहेत. युनिकोड या संगणकावरच्या प्रमाण अक्षरसंचात मात्र ल एकच. वळण कुठलं, ते फॉन्टने ठरवायचं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुरावर ‘भाषा: मराठी’ अशी चिठ्ठी असली की तो मराठी वळण काढून देतो. ही चिठ्ठी म्हणजे ईपबच्या आतली दोन अक्षरांची नोंद. मी माझ्याकडची पुस्तकं उघडून पाहिली. काहींवर मराठी, काहींवर हिंदी, एकावर चक्क इंग्रजी. म्हणून एकाच ॲपमध्ये, एकाच फॉन्टमध्ये एका पुस्तकात पालघर मराठी दिसतं आणि दुसऱ्यात हिंदी. हे ज्याच्या लक्षात येत नाही, तो सुखी. माझ्या एकदा लक्षात आलं, तेव्हापासून दिसतच राहतं.

शिरगावाची दुसरी परीक्षा पहिल्या वेलांटीची. ही वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चार होतो नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे श नंतर साठवतात. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांमध्ये ती डोळ्यांच्या क्रमाने आधी टंकायची रीत होती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि पुढेही मराठी पुस्तकांचा ढीग अशा फॉन्टांमध्ये बसवला गेला. त्यांचं युनिकोड करताना रूपांतराच्या यंत्राला प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागे नेऊन ठेवावी लागते. साध्या अक्षराला जमतं. जोडाक्षर आलं की यंत्र अडखळतं, आणि वेलांटी टिंबांच्या गोलावर लोंबकळत एकटी उभी राहते. शिरगावच्या किल्ल्याची अशी पडझड मी पानोपानी पाहिली आहे.

आणि आता शेवटची ओळ. पालघर जिल्ह्यात दर्याही आहे आणि दऱ्याही. सातपाटीचा कोळी दर्यावर जातो. जव्हार-मोखाड्याकडे गाडी चढायला लागली की दोन्ही बाजूंना दऱ्या. दोन्ही शब्दांत र आणि य यांचंच जोडाक्षर आहे. फरक एवढाच की समुद्राच्या र चा रफार डोक्यावर जातो आणि डोंगराचा र पापणीसारखा आडवा होऊन य ला चिकटतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत जो फरक, तोच. हिंदीला या आडव्या र ची गरज नाही, मराठीचं त्यावाचून चालत नाही.

युनिकोडमध्ये हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा खाली टिंब असलेल्या ऱ ची. दुसरी साध्या र ची, पण र आणि य यांच्या मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवायचं. पडद्यावर दोन्ही दऱ्या हुबेहूब सारख्या. पण काही रूपांतरं सफाई करताना न दिसणारी चिन्हं केर समजून झाडून टाकतात. जोडचिन्ह गेलं, की र उडी मारून डोक्यावर बसतो आणि जव्हारच्या डोंगरात समुद्र शिरतो. एका प्रवासवर्णनात मी हे प्रत्यक्ष वाचलं. गिर्यारोहक मंडळी दोराला धरून ‘दर्यात’ उतरली होती.

औषध आहे. कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे फुकटचं सॉफ्टवेअर संगणकावर घ्यायचं. ज्या पुस्तकांना कुलूप नाही, ती त्यात टाकून पुन्हा ईपब करायची आणि करताना फॉन्ट, रंग, समास यांच्या प्रकाशकी सूचना गाळायला सांगायच्या. लागोपाठचे कोरे परिच्छेदही ते काढून टाकतं. संगणकाची कटकट नको असेल, तर कोरीडर नावाचं ॲप आहे. त्यात प्रकाशकाचं कोणतं म्हणणं मानायचं आणि कोणतं नाही, हे एकेक खूण करून ठरवता येतं. विकत घेतलेल्या कुलूपबंद पुस्तकांना यातलं काही लागू होत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून रीतसर मिळू लागली, पण तिथे ॲप देईल तेवढ्याच मेनूत भागवावं लागतं.

माझी सेटिंगं सांगतो: अंतर १.६, समास अरुंद, आणि उजवी कड मोकळी. शेवटचं जरा समजावून सांगायला हवं. दोन्ही कडा सरळ करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण पुस्तकात तसंच असतं. पण मराठी शब्दाला प्रत्यय जोडून जोडून केवढी लांबी येते ते बघा. ‘पालघरकरांच्यासुद्धा’ हा एकच शब्द फोनची निम्मी ओळ खातो. तो ओळीत मावला नाही की खाली जातो, आणि वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द हात लांब करून कडेला पोचायचा प्रयत्न करतात. मध्ये खाड्या पडतात. इंग्रजीत ॲप शब्द तोडून जोडरेघ देतं. मराठीला ती सोय बहुतेक ठिकाणी नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या भानगडीत तर पडूच नये. रोमनमध्ये त्याने हवा खेळते, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात.

हे सगळं करून माझी पुस्तकं एका रांगेत उभी राहिली, आणि त्यात एक चूक झाली. उत्साहाच्या भरात मी कवितासंग्रहही त्याच चरकातून काढला. समासाच्या सूचना गाळल्या, तशा कवीने मुद्दाम आत घेतलेल्या ओळीही डावीकडे येऊन चिकटल्या. कडव्यांमधली मोकळी जागा कोरे परिच्छेद म्हणून उडाली. कविता गद्यासारखी सरळ उभी. लगेच मूळ फाइल परत आणली. तेव्हापासून कवितांना मी हात लावत नाही. तिथे अक्षर बारीक तर बारीक, फोन आडवा धरून वाचतो.

ते प्रवासवर्णनही दुरुस्त करायला घेतलं. कॅलिबरमध्ये उघडलं आणि शोधाच्या चौकटीत ‘दऱ्या’ लिहिलं. सात ठिकाणी सापडलं. पुस्तक डोंगरांचं, आणि दऱ्या फक्त सात? मग तोच शब्द जोडचिन्हवाल्या तऱ्हेने लिहून पाहिला: आणखी अकरा. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द होते. शेवटी ‘दर्या’ शोधला. चौदा. आता या चौदांपैकी डोंगरातले किती आणि खरोखर समुद्रातले किती, हे सांगणारं सेटिंग कुठल्याच मेनूत नाही. एकेक वाक्य वाचत बसलोय. रोज वैतरणा ते विरार, दोन-तीन होतात.